पुस्तकाचीच व्हायवा घ्या!

सेल्फ-हेल्प पुस्तक वाचून आयुष्य बदललं नाही की आपण स्वतःला नापास करून मोकळे होतो. पण परीक्षा पुस्तकाची घेतली तर?

कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेरचा पुस्तकांचा ठेला बघा. पहिल्या रांगेत कोण बसलेलं असतं? ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’, ‘रिच डॅड पुअर डॅड’, ‘द सीक्रेट’, ‘इकिगाई’. शेजारीच त्यांचे मराठी अनुवाद. हीच पुस्तकं मग हॉस्टेलच्या खिडकीत दिसतात, पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत एमपीएससीच्या नोट्सखाली दिसतात आणि लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडी पकडून उभ्या असलेल्या मुलीच्या दुसऱ्या हातातही दिसतात.

वाचताना भारी वाटतं, यात शंकाच नाही. रात्री साडेअकराला चाळीस पानं संपलेली असतात, अंगात वीज संचारलेली असते. पहाटे पाचचा अलार्म लागतो, नवी कोरी वही येते, इन्स्टा डिलीट होतं. तीन दिवस सगळं झक्कास. चौथ्या दिवशी अलार्म झोपेतच बंद होतो. आठव्या दिवशी वही गादीखाली आणि इन्स्टा परत फोनमध्ये. मग डोक्यात एकच वाक्य फिरत राहतं, ‘आपल्यातच काहीतरी कमी आहे.’

खरा लोच्या इथे आहे. या खेळात नापास होतो तो कायम वाचणारा. जमलं तर पुस्तकाची जादू, नाही जमलं तर तुमची इच्छाशक्ती कमी! डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने ताप उतरला नाही तर ते गोळी बदलतात. ‘तुझा तापच नालायक आहे’ असं कुणी म्हणत नाही. मग पुस्तकाला ही सूट का?

म्हणून जरा उलटं करून बघू या. प्रॅक्टिकलच्या शेवटी एक्स्टर्नल आपली कशी व्हायवा घेतात? जर्नल बाजूला ठेवतात आणि सरळ विचारतात, ‘हे का केलं? हे कुठून आलं?’ आता त्या खुर्चीत तुम्ही बसा आणि समोर पुस्तकाला उभं करा. फक्त चार प्रश्न विचारायचे.

प्रश्न पहिला : हे तुला कुणी सांगितलं?

‘२१ दिवस केलं की सवय लागते.’ हे तुम्ही किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. चॅलेंज २१ दिवसांचं, प्लॅनर २१ दिवसांचा, अ‍ॅपसुद्धा २१ दिवसांचं. पण हा आकडा आला कुठून?

त्याचा माग काढत गेलं की आपण पोचतो मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपाशी. ऑपरेशननंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना साधारण कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. १९६० मध्ये आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुढे तोंडातोंडी जाताना ‘कमीत कमी’ हे शब्द गळून पडले, चेहराही गळून पडला आणि उरला नुसता २१ चा आकडा. नव्या नाकाची सवय होणं आणि रोज सकाळी धावायला जाणं यांचा काय संबंध, हे विचारायला कुणी थांबलंच नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न नीट तपासला. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी सवय निवडली आणि १२ आठवडे ती रोज ठरलेल्या वेळी करायचा प्रयत्न केला. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. आणि माणसामाणसांतला फरक? हिशोबानुसार कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४! पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर रुळल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला.

म्हणजे बाविसाव्या दिवशी तुम्हाला जिमला जायचा कंटाळा आला, तर तुमच्यात काहीही बिघडलेलं नाही. आकडाच चुकीचा होता. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. मधला एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. ‘चेन तुटली, आता सगळं संपलं’ असं म्हणून वही गादीखाली ढकलण्याची गरजच नव्हती.

‘दहा हजार तासांचा नियम’ हीसुद्धा अशीच एक गोष्ट. माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या २००८ च्या पुस्तकाने तो जगभर नेला. त्याच्या मुळाशी होता अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला १९९३ चा अभ्यास. पण पुस्तकाने आपल्या अभ्यासाचा चुकीचा अर्थ लावला, असं खुद्द एरिक्सन सांगत राहिले. दहा हजार ही एका गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. त्या गटातल्या अनेकांचे तास त्याहून कमी भरले होते. शिवाय तासांपेक्षा सराव कसा केला हे महत्त्वाचं होतं. आपलं नेमकं काय चुकतंय ते हेरून, शिक्षकाच्या नजरेखाली तेवढंच घासणं. याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र मोटिव्हेशनल रील्समध्ये कधी दिसत नाही. त्यातले सरस वादक इतरांपेक्षा जास्त झोपत होते आणि दुपारी डुलकीही काढत होते. ‘झोप म्हणजे वेळ वाया’ म्हणणाऱ्या सीनियरला हे जरूर सांगा.

प्रश्न दुसरा : हेच करून जे हरले, ते कुठे आहेत?

यशस्वी माणसांची मुलाखत घ्यायची, त्यांच्यातल्या सारख्या सवयी काढायच्या आणि पुस्तक लिहायचं, हा या दुनियेतला सगळ्यात लाडका फॉर्म्युला. त्यात एक मोठी गोम आहे. कॉलेज सोडून कंपनी काढणारा जो एक जण अब्जाधीश झाला, त्याच्यावर पुस्तक निघतं. कॉलेज सोडून कंपनी काढली आणि ती बुडाली, अशा शेकडो जणांवर कोण लिहिणार? त्यांच्यापैकी कित्येकही पहाटे पाचलाच उठत असतील.

याचं एक गाजलेलं उदाहरण मॅनेजमेंटच्या जगात आहे. जिम कॉलिन्स यांचं ‘गुड टू ग्रेट’ हे पुस्तक २००१ मध्ये आलं. पाच वर्षांचं संशोधन, भरपूर आकडेवारी आणि त्यातून निवडलेल्या ११ ‘ग्रेट’ कंपन्या. त्यांच्यापैकी सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी तिची दुकानं बंद झाली. फॅनी मे ही गृहकर्जाच्या धंद्यातली कंपनी त्याच २००८ च्या आर्थिक संकटात अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तकातलं सगळंच खोटं होतं, असा याचा अर्थ नाही. पण यश मिळाल्यावर मागे वळून शोधलेली कारणं आणि यश मिळवून देणारी कारणं एकच असतील, याची गॅरंटी नसते.

हे आपल्याकडेही कळतं. टॉपरचा सत्कार होतो, माइक हातात येतो आणि तो म्हणतो, ‘मी दोन वर्षं मोबाइल वापरला नाही.’ टाळ्या! पण त्याच हॉलमध्ये मागच्या रांगेत, दोन वर्षं मोबाइल न वापरताही दोन मार्कांनी यादीबाहेर राहिलेले कितीतरी जण बसलेले असतात. टॉपरचं ऐकायचंच, पण त्या मागच्या रांगेलाही एकदा विचारायचं. काय केलं, काय जमलं नाही, पुन्हा सुरुवात केलीस तर काय बदलशील? कधी कधी त्या उत्तरांतून जास्त हाताला लागतं.

प्रश्न तिसरा : माझ्या घरात हे बसतं का?

‘सकाळी एक तास स्वतःसाठी ठेवा. शांत खोलीत बसा.’ ठीक आहे. पण खोलीच एक असेल, त्यात पाच माणसं राहत असतील आणि पाणी सकाळी सहालाच येत असेल, तर? कर्जत-कसाऱ्याहून रोज येऊन-जाऊन चार तास लोकलमध्ये घालवणाऱ्या मुलाला ‘वेळेचं नियोजन शीक’ असं सांगणं सोपं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने त्याचं टाइमटेबल पाहिलेलं नसतं.

परिस्थितीचा भार डोक्यावर किती पडतो, याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशात झालाय. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीला ताण देणाऱ्या चाचण्यांमधली कामगिरी संशोधकांनी दोनदा तपासली. एकदा तोडणीआधी, हात तंग असताना. दुसऱ्यांदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेले निष्कर्ष सांगतात, की तीच माणसं पैशांची चणचण असताना या चाचण्यांत मागे पडली. माणूस बदलला नव्हता, डोक्यातली जागा काळजीने व्यापली होती. उसाचं बिल जमा होईपर्यंत घरात काय वातावरण असतं, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलामुलींना वेगळं सांगायला नको.

म्हणून ‘मी फोकस करू शकत नाही, माझ्यात शिस्त नाही’ असं म्हणण्याआधी एकदा बघा. फी भरायची राहिलीये का? घरी कुणी आजारी आहे का? रात्री डिलिव्हरीचं काम करून सकाळी लेक्चरला येताय का? मग प्रश्न शिस्तीचा नसून वेळेचा, पैशांचा आणि झोपेचा आहे. त्याचं उत्तर पुस्तकात नसेल. ते स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये, कॉलेजच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत किंवा एखाद्या समजूतदार सरांच्या केबिनमध्ये असू शकतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. ‘परिस्थितीच वाईट, मी काय करणार’ म्हणून हातावर हात ठेवून बसलं, तरी काही हलत नाही. इथे स्टीफन कव्ही यांच्या ‘सेव्हन हॅबिट्स’ या १९८९ च्या पुस्तकातली एक कल्पना उपयोगी पडते. दोन वर्तुळं काढायची. मोठ्या वर्तुळात आपल्याला काळजी वाटणारं सगळं लिहायचं. जाहिरात कधी निघणार, कटऑफ किती लागणार, प्लेसमेंटला किती कंपन्या येणार. आतल्या छोट्या वर्तुळात फक्त आपल्या हातात असलेलं. आजचे दोन तास, एक फोन, एक फॉर्म. कागदावर हे लिहून झालं की दिवसाची ताकद कुठे लावायची ते दिसतं. हा सल्ला माझ्या मते व्हायवा पास होतो, कारण तो एकखणी खोलीतही बसतो.

प्रश्न चौथा : उद्या संध्याकाळी सहा वाजता मी नेमकं काय करायचं?

या प्रश्नाला बहुतेक पुस्तकं अडखळतात. ‘मोठी स्वप्नं बघा’, ‘यश डोळ्यांसमोर आणा’, ‘सकारात्मक राहा’. ऐकायला छान, पण उद्या सहा वाजता काय?

गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीतल्या विद्यार्थ्यांचा नोकरी शोधण्याच्या काळात अभ्यास केला. छान नोकरी लागल्याची गोड दिवास्वप्नं जे जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांनंतर पाहिलं तर अर्ज कमी केले होते, त्यांना ऑफर्स कमी आल्या होत्या आणि पगारही कमी होता. ‘मला जमेल’ असा विश्वास असणाऱ्यांचं मात्र चांगलं चाललं होतं. म्हणजे विश्वास उपयोगी पडला, पण स्वप्नातच मिठाई खाऊन पोट भरलं, तर माणूस स्वयंपाकाला उठत नाही.

कॅलिफोर्नियात लियन फॅम आणि शेली टेलर यांनी मिडटर्म परीक्षेच्या तोंडावर असाच प्रयोग केला. एका गटाने रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणलं, की आपल्याला भारी ग्रेड मिळालीये. दुसऱ्या गटाने डोळ्यांसमोर आणलं, की आपण टेबलाशी बसलोय, टीव्ही बंद केलाय, धडा उघडलाय. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि मार्कही जास्त मिळवले. व्हिजन बोर्ड लावायचाच असेल तर त्यावर बंगल्याऐवजी आपल्याच टेबलाचा फोटो लावायला हरकत नाही!

‘आरशासमोर उभं राहून स्वतःला ग्रेट म्हणा’ या सल्ल्याचीही २००९ मध्ये तपासणी झाली. कॅनडात जोआन वुड आणि सहकाऱ्यांना असं दिसलं, की ज्यांचा आत्मविश्वास आधीच खचलेला होता, त्यांना अशी गोड वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटलं. मन लगेच आतून उत्तर देत असावं, ‘चल, काहीही!’

मग चौथ्या प्रश्नात पास कोण होतं? ज्याचं उत्तर कृतीत असतं ते. पीटर गोलविट्झर यांचं ‘जर-तर’ नियोजन बघा. ‘मी रोज अभ्यास करेन’ असं म्हणण्याऐवजी ‘मेसमधून परत आलो, की लगेच लायब्ररीत खिडकीजवळ बसून अकाउंट्सची तीन उदाहरणं सोडवेन’ असं ठरवायचं. कधी, कुठे, काय. गोलविट्झर यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा रिपोर्ट लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. बाकीच्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश जणांनी. जेम्स क्लिअर यांच्या ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’मधला दोन मिनिटांचा नियमही याच कुळातला. नवी सवय सुरू करताना ती दोन मिनिटांत होईल एवढी छोटी करायची. धावायला जायचंय? आज फक्त बूट घालून दाराबाहेर या.

अभ्यासासाठी सगळ्यात खणखणीत पास होणारा सल्ला मात्र चकचकीत कव्हरमध्ये क्वचितच सापडतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटाने ते पुन्हा पुन्हा वाचले, दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली, तर आठवून लिहिणारे. पुन्हा पुन्हा वाचलं की ‘येतंय आपल्याला’ असं वाटतं, आणि ते वाटणंच पेपरात दगा देतं. म्हणून हायलायटर ठेवा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून बघा.

हे फक्त अभ्यासाच्या पुस्तकांना लागू नाही बरं का! सेल्फ-हेल्पची पुस्तकंही आपण अशीच एकामागून एक वाचतो आणि ‘आपण सुधारतोय’ असं वाटत राहतं. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकात एक अख्खा समास ‘पढतमूर्खा’साठी राखून ठेवला. वाचून शहाणा झालेला, पण वागण्यात त्यातलं काहीच नसलेला माणूस त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच ओळखला होता.

व्हायवाच्या बाहेरचा एक मुद्दा

काही वेळा प्रश्न सवयींचा नसतोच. आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, जगण्याचाच कंटाळा येतो, अशा वेळी दहावं पुस्तक विकत घेऊन उपयोग नाही. तिथे माणूसच लागतो. मित्र, घरचं कुणी, कॉलेजचा समुपदेशक किंवा डॉक्टर. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तो फोन करणं म्हणजे हरणं नव्हे. पाय मोडल्यावर धावण्याचं पुस्तक कुणी वाचत बसत नाही.

‘सेल्फ-हेल्प’ एकट्याने?

शेवटी एक गंमत. या सगळ्या दुनियेला जे नाव मिळालं, ते सॅम्युअल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ-हेल्प’ या १८५९ च्या पुस्तकामुळे लोकप्रिय झालं. ते पुस्तक जन्मलं कसं, हे स्माइल्स यांनी प्रस्तावनेत सांगितलंय. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात दोन-तीन गरीब तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवू लागले. ज्याला थोडं जास्त येतं तो बाकीच्यांना सांगणार, एवढंच. बघता बघता पोरं वाढली, जागा पुरेना. शेवटी त्यांनी एक कळकट हॉल भाड्याने घेतला. कॉलऱ्याच्या साथीत तिथे तात्पुरतं हॉस्पिटल होतं, म्हणून भीतीने तो कुणी घेत नव्हतं. या मुलांनी तिथे वर्ग भरवले आणि एक दिवस स्माइल्स यांना ‘आमच्याशी बोलाल का?’ असं विचारलं. त्या भाषणांतून पुस्तक उभं राहिलं.

म्हणजे ‘स्वतःची मदत स्वतः करा’ सांगणारं पुस्तक निघालं ते एकमेकांना मदत करणाऱ्या पोरांच्या वर्गातून! आपण मात्र ते एकटेच, रात्री, पांघरुणात मोबाइलच्या उजेडात वाचतो आणि नाही जमलं की एकटेच स्वतःला दोष देतो.

मग या महिन्यात असं करून बघा. तिघंचौघं मित्र-मैत्रिणी मिळून एकच पुस्तक घ्या. लायब्ररीचं चालेल, वर्गणी काढून घेतलेलं चालेल. वाचताना चार प्रश्न विचारा आणि त्यातली एकच गोष्ट निवडा. ती प्रत्येकाने आपापल्या टाइमटेबलमध्ये बसवायची आणि महिनाभर करायची. कुणाचा दिवस चुकला तर दंड नाही, टोमणे नाहीत. रविवारी टपरीवर चहा घेताना फक्त विचारायचं, ‘काय रे, जमतंय का? कुठे अडतंय?’

महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी मिळून निकाल लावा. उपयोग झाला तर त्या एका पानाचे पैसे वसूल. नाही झाला, तर पुस्तकाला केटी लावा आणि पुढचं मागवा. मार्कशीटवर या वेळी तुमचं नाव नसेल.